मत कसं द्यायचं, हे शिकवणारी माणसं

आजचा भाग निवडणुकीबद्दल आहे, पण भाषणं, युत्या आणि कोण कुणाला काय म्हणालं यातलं काहीही यात नाही. पक्षाचं टेबल लावून बसणारी, हातात मतदार यादी आणि खिशात दोन पेनं ठेवणारी जी पोरं-पोरी असतात ना, त्यांच्याबद्दल बोलणार आहोत. त्यांचं नाव कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात येत नाही. पण एका निवडणुकीत त्यांनी जे केलं, ते मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर माझी स्वतःची एक चूक आठवून जरा अपराधी वाटलं. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

फेब्रुवारी २०१७. पुणे महानगरपालिकेची निवडणूक. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका छोट्या स्थानिक पक्षासाठी आम्ही आठ-दहा जण काम करत होतो. पैसे नाहीत, गाडी नाही, दिवसाला दोन वडापाव आणि चहा. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण त्याने गोष्टीत काही फरक पडत नाही.

ज्यांनी त्या वर्षी पुण्यात मत दिलं असेल त्यांना आठवेल, तेव्हा चार सदस्यांचे प्रभाग होते. म्हणजे एका प्रभागातून चार नगरसेवक, आणि प्रत्येक मतदाराला चार मतं. अ, ब, क, ड असे चार गट, आणि प्रत्येक गटातल्या एका उमेदवाराला एक मत. चारही मतं दिली की शेवटी बझर वाजतो. एखाद्या गटात कुणीच नको असेल तर नोटा दाबायचं. नियम कागदावर अगदी सोपा आहे.

आमच्या पक्षाचे उमेदवार होते दोन. अ मध्ये एक, क मध्ये एक. ब आणि ड मध्ये आमचं कुणीच नव्हतं.

मतदानाच्या दिवशी एक आजी आल्या. मी यादीत त्यांचं नाव शोधलं, चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणालो, "आजी, आपलं चिन्ह लक्षात आहे ना? ते बघायचं आणि बटण दाबायचं." त्या म्हणाल्या, "आहे रे बाळा, पाठ आहे." आणि गेल्या.

पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या त्या गोंधळलेल्या. झालं असं की त्यांनी अ मध्ये आमचं चिन्ह बघितलं, बटण दाबलं आणि निघाल्या. बझर वाजलाच नाही. आतल्या अधिकाऱ्यांनी हाक मारली, आजी, अजून तीन मतं राहिलीत. मागे रांग. आजी परत गेल्या आणि हाताला येतील ती तीन बटणं दाबून आल्या. बाहेर येऊन मला विचारलं, "बाळा, माझी बाकीची तीन मतं कुणाला गेली रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांना चिन्ह सांगितलं होतं. मत कसं द्यायचं ते सांगितलंच नव्हतं.

आमचे दोन्ही उमेदवार दणकून पडले, त्यामुळे आजींच्या त्या मताने निकाल बदलला असता असं अजिबात नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. काही वर्षांनी १९३७ च्या निवडणुकीबद्दल वाचत होतो, तेव्हा लक्षात आलं की बरोबर ऐंशी वर्षांपूर्वी, तेही फेब्रुवारीतच, मुंबईच्या चाळींमध्ये काही कार्यकर्त्यांपुढे हाच प्रश्न होता. फक्त त्यांनी तो सोडवला होता.

मजुराच्या नावाने पक्ष

ऑगस्ट १९३६. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव नीट ऐका, मजूर पक्ष. जातीच्या नावाने नाही. गिरणी कामगार, शेतमजूर, कूळ, वतनाच्या नावाखाली राबवून घेतलेली माणसं, अशा सगळ्यांना एका झेंड्याखाली आणायचा प्रयत्न होता. पक्ष होता मुख्यतः मुंबई इलाख्यापुरता, म्हणजे आजच्या भाषेत एक प्रादेशिक पक्ष.

समोर कोण? काँग्रेस. देशभर पसरलेली संघटना, पैसा, वर्तमानपत्रं, आणि गांधी-नेहरूंचं वलय. आणि हा पक्ष सहा महिन्यांचा. १९३५ च्या कायद्याप्रमाणे पहिल्यांदाच प्रांतांच्या विधानसभांच्या निवडणुका होणार होत्या. मुंबई प्रांतात एकूण १७५ जागा. मजूर पक्षाने उमेदवार उभे केले फक्त १७.

आता तेव्हाचा मतदार कोण होता हे समजून घेऊ. आजच्यासारखं अठरा वर्षं पूर्ण झाली की मत, असं काही नव्हतं. तुम्ही कर भरता का, किती भाड्याच्या जागेत राहता, शिकलेले आहात का, अशा अटी होत्या. संबंध ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार होते तीन कोटींच्या वर, म्हणजे बहुसंख्य लोक यादीच्या बाहेरच. १९३१ च्या जनगणनेनुसार देशात शंभरातली दहा माणसंसुद्धा साक्षर नव्हती. दलित वस्त्यांमध्ये तर विचारायलाच नको.

म्हणजे या पक्षाचा मतदार आयुष्यात पहिल्यांदा मत देणार, त्यातल्या अनेकांना वाचता येत नाही, आणि मत दिलं म्हणून गावचा खोत किंवा सावकार उद्या काय करेल याची भीती वेगळीच. अशा माणसाला मतदान केंद्रापर्यंत न्यायचं होतं. आणि नियम आजच्या चार बटणांपेक्षाही गुंतागुंतीचा होता.

एका माणसाला तीन मतं

पुणे करारानंतर दलितांसाठी जागा राखीव झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. म्हणजे राखीव जागेवरचा उमेदवार दलित असणार, पण त्याला मत सगळेच देणार. त्यासाठी एकाहून जास्त जागांचे मतदारसंघ केले गेले, त्यातली एक जागा राखीव.

मग प्रश्न आला की मतदाराला जितक्या जागा तितकी मतं आहेत, पण ती त्याने वाटायची कशी? दोन पद्धती चर्चेत होत्या. एक, प्रत्येक उमेदवाराला जास्तीत जास्त एकच मत. दुसरी, तुमची मतं तुम्ही हवी तशी द्या, वाटल्यास सगळीच्या सगळी एकालाच द्या. या दुसऱ्या पद्धतीला म्हणतात संचयी मतदान. मुंबई प्रांतात ही संचयी पद्धत लागू झाली. डॉ. आंबेडकरांचा आग्रह याच पद्धतीचा होता.

हा आग्रह का, ते छोट्या गणिताने सांगतो. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. समजा तीन जागांचा मतदारसंघ, बाराशे मतदार, प्रत्येकाला तीन मतं. त्यातले तीनशे मतदार आपले, नऊशे समोरच्या पक्षाचे. समोरच्या पक्षाने तीन उमेदवार उभे केलेत, त्यातला एक राखीव जागेसाठी.

पहिल्या पद्धतीत, म्हणजे एका उमेदवाराला एकच मत, तर आपल्या माणसाला मिळणार तीनशे आणि त्यांच्या राखीव उमेदवाराला नऊशे. खेळ संपला.

आता संचयी पद्धत घ्या. आपल्या तीनशे जणांनी तिन्ही मतं एकालाच दिली, तर झाली नऊशे. समोरच्यांनी आपली मतं तिघांत सारखी वाटली तर त्यांच्या प्रत्येकाला नऊशे. बरोबरी! चौथा हिस्सा माणसं असूनसुद्धा.

पण हे केव्हा चालतं? जेव्हा तीनशेच्या तीनशे लोकांना नियम पक्का माहीत असतो तेव्हाच. त्यातल्या शंभर जणांनी, चला एक आपल्याला, एक त्या ओळखीच्या शेटजींना, एक काँग्रेसला, असं केलं की दोनशे मतं गेली. समोरचा मोठा पक्ष अशी गळती सोसू शकतो. छोट्याला ती परवडत नाही.

मी कोडिंग करतो म्हणून मला हे असं दिसतं: सिस्टीममध्ये एक फीचर आहे, जे फक्त ज्याला मॅन्युअल माहीत आहे त्याच्याच कामाचं. आणि तुमच्या युजरला वाचता येत नाही. मग मॅन्युअल व्हायचं कुणी? कार्यकर्त्याने.

परळ, भायखळा आणि एक क्रिकेटर

स्वतः डॉ. आंबेडकर उभे होते मुंबईत, भायखळा-परळच्या मतदारसंघात. हा सगळा गिरणगावाचा पट्टा. परळची बीआयटी चाळ, जिथे ते स्वतः अनेक वर्षं राहिले होते, ती इथलीच.

त्यांच्या विरोधात काँग्रेसने कुणाला उभं केलं माहितीये? पाळवणकर बाळू. भारतीय क्रिकेटमधला पहिला मोठा फिरकी गोलंदाज. डावखुरा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले होते. ते स्वतः दलित समाजातले, आणि जातीमुळे मैदानाबाहेर काय काय सोसलं ते अख्ख्या मुंबईला माहीत होतं. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. म्हणजे समोर कुणी ऐरागैरा नव्हता, ज्याच्याबद्दल लोकांना खरंच प्रेम होतं असा माणूस होता.

निकाल लागला. डॉ. आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. फरक दोन हजार वीस मतांचा.

आता हा आकडा मघाच्या गणिताशी जोडून बघा. इथे मतं म्हणजे माणसं नाहीत. एक माणूस एकाहून जास्त मतं देऊ शकतो. म्हणजे दोन हजार मतांचा फरक पडायला दोन हजार माणसंसुद्धा लागत नाहीत. काही शे मतदारांनी आपली मतं विखरून टाकली असती तर निकाल फिरला असता. चाळीचे काही मजले, बस. ज्या माणसाच्या हाताखाली पुढे घटनेचा मसुदा तयार झाला, तो त्या दिवशी विधानसभेत पोहोचला तो मजल्यामजल्यावर समजावलेल्या गणितावर.

हे काम चालायचं कसं

कार्यकर्ते आले कुठून? ते एका निवडणुकीसाठी गोळा केलेले नव्हते. मागे दहा वर्षांची तयारी होती. मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह, मग नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह. सभेला शिस्त लावणं, बाहेरगावच्या माणसांची जेवणाची सोय, निरोप पोचवणं, गर्दीत बायामाणसांना वाट करून देणं ही कामं समता सैनिक दलाच्या आणि तिथल्या तरुण मंडळांच्या अंगवळणी पडली होती. सत्याग्रहात जो निरोप्या होता, तोच निवडणुकीत प्रचारक झाला.

छापील माध्यम होतं 'जनता' साप्ताहिक, १९३० पासून निघणारं. पण ज्याला वाचता येत नाही त्याचं काय? तिथे चाळीतला एक जण वाचणार आणि वीस जण ऐकणार. तुम्ही आत्ता कानात इअरफोन घालून हे ऐकताय ना, तसंच काहीसं, फक्त सगळे एकत्र बसून.

आणि दुसरं माध्यम जलसा. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे शाहीर जलसे घेऊन गावोगाव फिरायचे. बाज तमाशासारखा, ढोलकी, सवाल-जवाब, विनोद सगळं असायचं. पण विषय पाणवठा, शिक्षण, सावकार, संघटना. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतून आलेली ही परंपरा. ज्या माणसाला भाषणाला बसायला वेळ नाही तो जलशाला रात्र जागवतो, हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

तिसरी गोष्ट गिरणी आणि गाव यांचं नातं. मुंबईच्या गिरणीत काम करणारा माणूस रत्नागिरीचा, कुलाब्याचा. सणाला गावी जाणार. मुंबईत ऐकलेलं गावात सांगणार. पक्षाला गावोगाव कार्यालयं उघडायची गरजच नव्हती, बोटीत बसलेला प्रत्येक चाकरमानी हाच निरोप. कोकणातून मजूर पक्षाचे अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर असे उमेदवार सर्वसाधारण जागांवरही निवडून आले. हे तिघेही दलित समाजातले नव्हते. म्हणजे मजूर हे नाव नुसतं पाटीवरचं राहिलं नव्हतं.

एकूण निकाल? १७ पैकी १४ जागा. त्यातल्या ११ राखीव, ३ सर्वसाधारण. सहा महिन्यांच्या पक्षासाठी!

निवडणूक संपल्यावर टेबल गुंडाळलं नाही

आपल्याकडे निकाल लागला की कार्यकर्ता गायब होतो. किंवा खरं सांगायचं तर त्याला गायब केलं जातं. इथे तसं झालं नाही.

सप्टेंबर १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोत म्हणजे कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला महसूल गोळा करणारा मध्यस्थ, आणि गावापुरता जवळजवळ राजाच. विधेयक पुढे सरकेना, तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर आला. वीस हजारांच्या आसपास माणसं. त्या वेळी हा आकडा अफाट होता. यात कुळवाडी, मराठा, आगरी, महार सगळेच. वर्षभरापूर्वी ज्यांनी मतं गोळा केली, त्यांनीच ही माणसं गोळा केली.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध, म्हणजे कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधनं आणणाऱ्या कायद्याविरुद्ध, मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. डॉ. आंबेडकर आणि कॉम्रेड डांगे एका बाजूला. हे लक्षात ठेवा, आपण डांग्यांकडे परत येणार आहोत.

खोती रद्द व्हायला मात्र १९४९ चा कायदा यावा लागला. मोर्च्यानंतर अकरा वर्षांनी.

नियम बदलला

आता पंधरा वर्षं पुढे जाऊ. १९४२ मध्ये मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली. देश स्वतंत्र झाला, घटना आली. आणि १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक. आता प्रत्येक प्रौढाला मत. मतदार सतरा कोटींच्या वर.

डॉ. आंबेडकर उभे राहिले उत्तर मुंबईतून लोकसभेला. हा दोन जागांचा मतदारसंघ, एक सर्वसाधारण, एक राखीव. समाजवादी पक्षाशी युती होती. सर्वसाधारण जागेवर समाजवाद्यांचे अशोक मेहता, राखीव जागेवर डॉ. आंबेडकर. फेडरेशनचं चिन्ह हत्ती.

मतदाराला दोन मतं, म्हणजे दोन मतपत्रिका. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. पडद्याआड जायचं आणि कागद पेटीत टाकायचा. शिक्का नाही, सही नाही.

पण एक गोष्ट उलटी झाली होती. आता एका उमेदवाराला एकाहून जास्त मत देता येत नव्हतं. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एकच मोजायचा, दुसरा बाद.

आता परळच्या एखाद्या जुन्या मतदाराचा विचार करा. १९३७ मध्ये त्याला शिकवलं होतं की सगळी मतं बाबासाहेबांनाच द्यायची, एकही बाहेर जाऊ द्यायचं नाही. त्याने ते मनापासून शिकून घेतलं. १९५२ मध्ये तेच केलं तर बाबासाहेबांचं नुकसान नाही, पण मित्रपक्षाच्या मेहतांचं एक मत गेलं. आणि मेहतांच्या एखाद्या मतदाराने दुसरा कागद हत्तीच्या पेटीत न टाकता मेहतांच्याच पेटीत टाकला, तर बाबासाहेबांचं एक मत गेलं. दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांनी दोन्हीकडच्या मतदारांना एकच गोष्ट शिकवायला हवी होती. आणि मतदार आता कितीतरी पट जास्त होते.

त्यात भर पडली एका जुन्या युक्तीची. मराठी राजकारणात तिला अगदी नेमका शब्द आहे: मत कुजवणं. म्हणजे आपलं एक मत आपल्या माणसाला द्यायचं आणि दुसरं मुद्दाम वाया घालवायचं, जेणेकरून ते दुसऱ्या कुणाच्या कामी येणार नाही. त्याच मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर कम्युनिस्टांकडून डांगे उभे होते. मतं कुजवण्याचा प्रचार झाला असा आरोप झाला, आणि आंबेडकर-मेहता यांनी निवडणूक याचिकाही केली. तिचा काही उपयोग झाला नाही.

निकाल: काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७, डॉ. आंबेडकर १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा. आणि त्या मतदारसंघात बाद झालेली मतं सत्तर हजारांहून जास्त.

सत्तर हजार! त्यातली किती मुद्दाम कुजवलेली आणि किती चुकून बाद झालेली, हे पेटीतला कागद सांगत नाही. आणखी एक आकडा बघा. युतीतले अशोक मेहता हरले, पण त्यांना डॉ. आंबेडकरांपेक्षा सुमारे सोळा हजार मतं जास्त होती. म्हणजे मेहतांना मत देणाऱ्या हजारो लोकांचा दुसरा कागद हत्तीच्या पेटीत गेला नाही. काहींनी तो जातीमुळे टाकला नसेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. काहींना कळलंच नसेल. मतमोजणीत दोघांचा निकाल एकच लागतो.

आणि हे कुणाच्या बाबतीत घडलं? ज्याच्या मसुदा समितीने सगळ्यांना मताचा हक्क कागदावर आणला, त्याच्याच बाबतीत.

भंडाऱ्याची गोष्ट

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याला पोटनिवडणूक लागली. पुन्हा दोन जागांचा मतदारसंघ, पुन्हा तीच जोडी, मेहता आणि आंबेडकर. आंबेडकरी चळवळीत एक आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवलं की आपल्या लोकांना दुसरं मत कुजवायला सांगू, म्हणजे तुम्ही नक्की येता. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. घटना करणाऱ्यानेच लोकांना मत वाया घालवायला शिकवायचं का?

निकाल असा लागला की अशोक मेहता निवडून आले आणि डॉ. आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांच्या आसपास मतांनी पडले.

ही गोष्ट सांगताना लोक नेहमी नेत्याच्या तत्त्वनिष्ठेबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र त्या कार्यकर्त्यांचा विचार करतो. त्यांना गणित येत होतं. आपला माणूस पडू शकतो हेही त्यांना दिसत होतं. तरी ते वस्तीत गेले आणि सांगून आले की एक मत हत्तीला, एक मेहतांना, दोन्ही नीट टाका. मित्रपक्षाचा उमेदवार निवडून आला त्यात त्यांनी शिकवलेली मतं आहेत. स्वतःच्या पराभवाच्या बदल्यात.

दोन जागांचे मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. लोकसभा-विधानसभेला आता एक माणूस, एक मत, एक बटण. त्यामुळे मतदान शिकवावं लागतं हेच आपण विसरून गेलो. चार सदस्यांचे प्रभाग आले तेव्हा मला ते आजींनी आठवण करून दिलं.

मग मी काय केलं असतं

हा भाग लिहिताना मी त्या दिवसाची उजळणी केली. आम्ही आठ-दहा जणांनी महिनाभर काय केलं? बॅनरचं डिझाइन. फेसबुक पेज. एक रॅप गाणंसुद्धा केलं होतं, ते ऐकवणार नाही. उमेदवाराच्या भाषणाचा व्हिडिओ चारशे जणांनी बघितला म्हणून आम्ही पार्टी केली. पण वस्तीत जाऊन एका पुठ्ठ्यावर अ, ब, क, ड असे चार चौकोन काढून "आजी, हे बघा, इथे आपण, इथे आपलं कुणी नाही, तुम्हाला जो बरा वाटेल तो किंवा शेवटचं नोटा, इथे परत आपण, आणि बझर वाजेपर्यंत निघायचं नाही" एवढं दहा मिनिटांचं काम आम्ही एका घरातही केलं नाही.

का नाही केलं? खरं कारण सांगू? ते काम आम्हाला खालच्या दर्जाचं वाटलं. आम्ही विचार मांडायला आलो होतो, बटणं शिकवायला नाही. आणि ब, ड मध्ये आपलं कुणी नाही हे सांगायची लाजही वाटत होती.

१९३७ च्या परळमधल्या माणसांना ही चैन नव्हती. त्यांच्याकडे विचार होताच, आणि तो त्यांनी तीन मतांच्या हिशोबात बसवून दारोदारी नेला. ज्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, त्याला कुणीतरी चाळीच्या जिन्यात बसवून सांगितलं की तुझ्याकडे मतं आहेत, ती कुठे टाकायची हे तुझ्या हातात आहे, आणि ती अशी अशी टाकलीस तर तुझा माणूस विधानसभेत बसतो. मग तो खरंच बसला. त्या माणसाला काय वाटलं असेल, याचा विचार मी बऱ्याचदा करतो.

तुमच्यापैकी बरेच जण पुढच्या निवडणुकीत कुठल्या ना कुठल्या पक्षाचं काम करतील. कुठलाही पक्ष असो, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. फक्त टेबलावर बसण्याआधी तुमच्या वॉर्डातला मतदानाचा नियम स्वतः नीट वाचा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला समजावून बघा. त्यांना कळलं तर तुम्हाला कळलंय.

त्या आजी पुढे दोन वर्षांनी वारल्या. त्यांची बाकीची तीन मतं कुणाला गेली, ते मला अजून सांगता आलेलं नाही.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.